मोगऱ्याला ताण हवा

दिवाळीचे दिवस झेंडूचे आणि शेवंतीचे. दाराला झेंडूचे तोरण, देव्हाऱ्यात शेवंतीची रास, आणि ज्यांच्या परसात अजून पारिजातक उरला असेल त्यांच्या अंगणात पहाटेचा सडा. या थाटामाटात कोपऱ्यातल्या मोगऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आणि पाहावे तरी काय? पावसाळाभर पोसलेली हिरवीगार पाने, वाट फुटेल तिकडे धावलेल्या दोन-चार लांब फांद्या, आणि फुलाचे नाव नाही. मोगऱ्याची आठवण आपल्याला होते ती चैत्रात. बाजारात गजरे दिसू लागतात, माठातल्या पाण्यात टाकायला चार कळ्या हव्याशा वाटतात, आणि मग आपण लगबगीने कुंडीपाशी जातो. खत घालतो, दोन्ही वेळा पाणी ओततो आणि वाट पाहत बसतो. मोगरा आणखी चार पाने काढतो.

त्यात त्याचा काही दोष नाही. मोगऱ्याचा उन्हाळा हिवाळ्यातच ठरून गेलेला असतो. आकाशकंदील उतरवला, पणत्या धुऊन माळ्यावर ठेवल्या, की मोगऱ्याच्या कामाला लागायचे; फुले त्यानंतर चार महिन्यांनी. दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याच्या फुलावर लिहिणे वाचकांना थोडे अवेळी वाटेल, पण मोगऱ्याच्या बाबतीत वेळ हीच आहे.

आधी या पाहुण्याची थोडी ओळख करून घेऊ. ‘मोगरा’ हा शब्द संस्कृतातल्या ‘मुद्गर’ या शब्दावरून आला. मुद्गर म्हणजे ठोकण्याचे आयुध. ठोकाठोकीची लाकडी मोगरी आणि हे सुवासिक फूल ही एकाच शब्दाची लेकरे आहेत, हे सांगितले म्हणजे वर्गातली मुले हसतात. पण देठाच्या टोकावर मिटून बसलेली टपोरी कळी जवळून पाहावी. नाव ठेवणाऱ्याची नजर चुकली नव्हती असे वाटते. संस्कृतात याला मल्लिका असेही म्हणतात. बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त ग्रीष्म ऋतू अवतरल्याचे सांगताना फुललेल्या मल्लिकेच्या शुभ्रपणाला महाकाळाच्या अट्टहासाशी जोडले आहे. आपण ज्याला नाजूक म्हणून वेणीत माळतो त्या फुलात बाणाला उन्हाळ्याचे उग्र हसू दिसले. कवीची कल्पना म्हणून ती सोडून देऊ नये. बागवानाच्या दृष्टीनेही ते निरीक्षण अगदी नेमके आहे. मोगरा हा उन्हाचा जीव आहे.

लिनिअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली मोगऱ्याला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्याला पारिजातकाच्या शेजारी, त्याच प्रजातीत बसवले होते. त्या प्रजातीच्या लॅटिन नावाचा अर्थच रात्री फुलणारे असा आहे. पुढे १७८९ साली विल्यम एटन याने मोगऱ्याला जाई-जुईच्या प्रजातीत नेले, आणि तेव्हापासून तो ‘जस्मिनम संबॅक’ झाला. जाई, जुई, कुंद ही सगळी त्याची सख्खी भावंडे. या भावंडांनी वर्ष आपसात वाटून घेतल्यासारखे दिसते. जाई-जुई पावसाळ्यात बहरतात, कुंद थंडीत, आणि मोगरा उन्हाळ्यात. म्हणूनच एकाच्या छाटणीचे वेळापत्रक दुसऱ्याला लावून चालत नाही. शेजारी जुईची छाटणी कधी करतात ते पाहून आपल्या मोगऱ्याला कात्री लावली, तर हाती काही लागणार नाही.

मोगऱ्याचे प्रकार पुष्कळ, आणि त्यांची नावे गावोगाव बदलतात. साध्या मोगऱ्याला पाकळ्यांचा एकच फेर असतो. त्याच्या फांद्या लांब जातात, आधार दिला तर मांडवावरही चढतात. वास मात्र दरवळणारा. ज्ञानेश्वरांच्या अभंगातला मोगरा वेल आहे, आणि आपल्या दारातला तर झुडूप, मग खरा कोणता, असे कधी कधी विचारले जाते. दोन्ही खरे. मोगरा हा स्वभावतः वेल आणि झुडूप यांच्या सीमेवरचा आहे. त्याला झुडूप करायचे की वेल होऊ द्यायचे, हे पुष्कळसे कात्रीवर अवलंबून असते. बटमोगरा मात्र मुळातच बुटका. त्याची वाढ सावकाश, पाने गोलसर आणि जाड, फूल लहान गुलाबासारखे पाकळ्यांनी खच्चून भरलेले. कुंडीसाठी तो सोयीचा, पण फुले मोजकीच देतो. मदनबाणाची कळी लांबट आणि टोकदार, मोतियाची मोत्यासारखी गोल. गच्चीवर किंवा गॅलरीत एकच कुंडी ठेवायची असेल आणि रोज चार फुले हवी असतील, तर मोतिया किंवा मदनबाण घ्यावा. एक सूचना मात्र लक्षात असू द्यावी. ‘हजारी मोगरा’ म्हणून जे रोप कधी कधी गळ्यात पडते, ते मोगऱ्याच्या कुळातले नव्हेच. ते भारंगीचे नातेवाईक. मोठी पाने, फुलांचा एकत्र गुच्छ, आणि मुळांतून जिकडेतिकडे फुटणारी पिले, ही त्याची खूण.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. आमच्या शेजारच्या वहिनींनी ती एकदा जशी मांडली तशीच येथे देतो, कारण घरोघरची तक्रार त्याहून वेगळी नसते.

“भाऊजी, तीन वर्षं झाली रोप आणून. रोज न चुकता पाणी घालते. चहाचा चोथा घालते, तांदूळ धुतलेलं पाणी घालते, महिन्याला शेणखत घालते. ऊन लागू नये म्हणून भिंतीच्या आडोशाला ठेवलंय. आणखी काय करायचं बाई माणसानं? पान बघा कसं तुकतुकीत आहे! पण कळी म्हणाल तर शपथेला नाही.”

“वहिनी, फार लाड झालेत त्याचे,” मी म्हणालो. “दोन महिने त्याच्याकडे बघू नका. आणि पौषात मी कात्री घेऊन येतो.”

त्या कात्रीच्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. “मला नाही बघवत,” म्हणाल्या. झाल्यावर त्यांनी कुंडीत उरलेले वीत-दीड वीत काड्यांचे ठुंठ पाहिले आणि माझ्याशी आठवडाभर बेताचेच बोलल्या. फाल्गुनात पहिल्या कळ्या दिसल्या तेव्हा त्यांनीच हाक मारून दाखवल्या. त्यात माझी काही किमया नव्हती. मोगऱ्याला जे हवे होते ते त्याला मिळाले, एवढेच.

त्याला काय हवे असते? तीन गोष्टी: ऊन, तहान आणि कात्री. तिन्ही आपल्याला निष्ठुर वाटतात, म्हणून आपण त्या टाळतो. पण त्यांमागचे कारण समजून घेतले म्हणजे हात कचरत नाही.

मोगऱ्याचे फूल जुन्या लाकडावर येत नाही. ते नव्या फुटीच्या शेंड्यावर येते. जितकी नवी फूट, तितके शेंडे. जितके शेंडे, तितके कळ्यांचे झुपके. न छाटलेल्या मोगऱ्यावर जुन्या, दमलेल्या फांद्या असतात आणि त्यांच्या टोकाशी एखाददुसरी नवी फूट निघते. झाडाची सारी ताकद ती फांदी लांबवण्यात जाते. तीच फांदी खालून कापली, की कापाखालच्या पेरांवरचे निजलेले डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या जागी तीन-चार फांद्या येतात. ऊन कमी पडले तर या फांद्या उजेडाच्या शोधात लांब आणि लेच्यापेच्या होतात, कळीचे नाव घेत नाहीत. आणि पाणी, खत सतत मिळत राहिले तर झाड पानांच्याच नादी लागते. विशेषतः नत्राचे खत जास्त झाले तर.

ताण देणे ही काही मोगऱ्यापुरती युक्ती नाही. आपल्याकडे संत्र्याच्या आणि डाळिंबाच्या बागा पिढ्यानपिढ्या याच पद्धतीने फुलवल्या जातात. ‘बहार धरायचा’ म्हणजे आधी पाणी तोडायचे, बागेला ताण द्यायचा, पाने पिवळी पडून गळू द्यायची, आणि मग खत देऊन भरपूर पाणी सोडायचे. विश्रांती मिळालेले झाड त्या पाण्याबरोबर फुलावर येते. संत्रेवाल्याला जे ठाऊक आहे तेच मोगरेवाल्यानेही करायचे. फरक इतकाच, की मोगऱ्याला त्याबरोबर कात्रीही लागते.

आता वेळापत्रक सांगतो. दिवाळी संपली की खत पूर्ण बंद. पाणी एकदम न तोडता पंधरा दिवसांत कमी करत आणावे. रोजचे एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी. मार्गशीर्ष लागला की जमिनीतल्या मोगऱ्याचे पाणी तीन-चार आठवडे सरळ बंद ठेवावे. त्याची मुळे खोल असतात, तो मरत नाही. कुंडीची गोष्ट वेगळी. तिच्यातली माती लवकर सुकते, म्हणून चार-पाच दिवसांनी पेलाभर पाणी द्यावे, फांदी जिवंत राहील इतकेच. फांदी जिवंत आहे की नाही हे नखाने साल किंचित खरवडून पाहावे. आत हिरवे दिसले की काळजी नाही. या दिवसांत पाने पिवळी पडतील, गळतील. घरातले लोक हळहळतील. हीच परीक्षेची वेळ. या वेळी दया येऊन तांब्याभर पाणी घातले, की सगळा ताण वाया गेला म्हणून समजा.

डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत छाटणी करावी. जमिनीतले झुडूप जमिनीपासून सुमारे दीड फुटावर कापावे, कुंडीतले नऊ इंच ते फूटभर ठेवावे. आधी वाळलेल्या, काडीसारख्या बारीक आणि एकमेकींत अडकलेल्या फांद्या मुळापासून काढाव्यात, म्हणजे झुडपाच्या पोटात उजेड शिरतो. मग उरलेल्या निरोगी फांद्या एका उंचीवर आणाव्यात. कात्री धारदार हवी; बोथट कात्रीने फांदी कापली जात नाही, चेचली जाते. काप पेराच्या किंचित वर, तिरपा घ्यावा. जाड फांदीच्या कापावर बोर्डो मलम लावले तर कूज शिरत नाही. जी पाने अजून चिकटून राहिली असतील तीही हाताने काढून टाकावीत.

छाटणीनंतर कुंडीतली वरची दोन इंच माती खुरप्याने मोकळी करावी. मुळे दुखावू नयेत. दोन-तीन ओंजळी चांगले कुजलेले शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि मूठभर हाडांचा चुरा त्या मातीत मिसळावा. जमिनीतल्या मोठ्या झुडपाला आळे करून दहा किलोपर्यंत शेणखत द्यावे. ज्यांना रासायनिक खत द्यायचे असेल त्यांनी एका झुडपाला वर्षाकाठी ६० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद आणि १२० ग्रॅम पालाश हे प्रमाण धरावे. निम्मे छाटणीनंतर आणि निम्मे पावसाळ्याच्या तोंडी. स्फुरद आणि पालाश हे नत्राच्या दुप्पट आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पानांचे खत थोडे, फुलांचे जास्त. हे झाले की मग मात्र हात सैल सोडावा आणि पोटभर पाणी द्यावे. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुगतात, तांबूस-हिरवी फूट दिसू लागते, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये तिच्या शेंड्यांवर कळ्या येतात. कळ्या बहुधा तिघी-तिघींच्या झुपक्याने येतात, आणि त्यांतली मधली आधी उमलते.

जागेबद्दल थोडे. मोगऱ्याला दिवसातून निदान पाच-सहा तास थेट ऊन मिळाले पाहिजे. उत्तरेची गॅलरी, आंब्याची सावली, दोन इमारतींमधली अरुंद बोळ या जागा त्याच्या नव्हेत. तेथे दुसरे काही लावावे. कुंडी फूटभर तोंडाची आणि तितकीच खोल. तळाची भोके खापरांनी झाकावीत, बुजवू नयेत. दोन भाग पोयट्याची किंवा तांबडी माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू हे मिश्रण त्याला मानवते. देशावरच्या चिकण काळ्या मातीत पाणी साचते आणि मोगरा पाय धरून बसतो, म्हणून तेथे वाळूचे प्रमाण वाढवावे. जमिनीत लावायचा असेल तर दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा, दोन झुडपांत चार फूट अंतर ठेवावे आणि लागवड पावसाच्या सुरुवातीला करावी. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोह कमी पडल्याचे लक्षण आहे. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून महिन्यातून एकदा पानांवर फवारावे. पानांचा रंग परत येतो. दर दोन वर्षांनी, छाटणीच्याच वेळी, कुंडीतली माती बदलावी.

उन्हाळ्यात कुंडीला रोज सकाळी पाणी हवे. कळ्या असताना ताण पडला तर त्या पिवळ्या होऊन गळतात. ताण हिवाळ्यातला, उन्हाळ्यातला नव्हे, हा भेद विसरू नये. पहिला बहर ओसरला की प्रत्येक फांदीचा शेंडा दोन-तीन पेरांनी खुडावा आणि ओंजळभर खत द्यावे. नवी फूट येते आणि दुसरा बहर मिळतो. असे करत जूनपर्यंत, कधी जुलैपर्यंतही फुले मिळतात. कळ्या जांभळट दिसू लागल्या तर तो रंग मोगऱ्याचा नव्हे. कळी पोखरणारी अळी किंवा बारीक माशीची पिले आत शिरल्याची ती खूण आहे. अशा कळ्या वेचून नष्ट कराव्यात, झाडाखाली टाकू नयेत, आणि निंबोळीचा पाच टक्के अर्क फवारावा. पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि मागे जाळीसारखे दिसले तर लाल कोळी आहे. पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारला की त्याचा बराचसा बंदोबस्त होतो.

कळी तोडायची ती सूर्य वर येण्यापूर्वी, टपोरी पण मिटलेली असताना. मोगऱ्याचे नवल हे, की तोडल्यावरही त्याचे काम चालू राहते. सकाळी तोडलेली कळी संध्याकाळी वाटीत उमलते आणि तेव्हा कुठे वास सोडते. बाजाराचा सारा व्यापार या एका गुणावर उभा आहे. अलीकडच्या काळात पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांत आदिवासी शेतकऱ्यांनी मोगऱ्याची लागवड केली, आणि तेथल्या पहाटेच्या कळ्या दादरच्या फुलबाजारात येतात. दक्षिणेत मदुराईच्या मल्लीला तर २०१३ साली भौगोलिक मानांकनच मिळाले.

येथपर्यंत कात्रीचा एक उपयोग झाला. दुसरा याहून मोठा आहे. मोगऱ्याला, आणि त्यातही भरल्या पाकळ्यांच्या मोगऱ्याला, बी धरलेले सहसा दिसत नाही. त्याचे रोप होते ते फांदीपासूनच. म्हणजे आपल्या कुंडीतला मोगरा हा कोणाच्या तरी मोगऱ्याची फांदी, आणि तो आणखी कोणाच्या तरी. जुन्या वाड्यात पणजीने लावलेला बटमोगरा आणि नातीच्या गॅलरीतला तिच्याकडून आलेला बटमोगरा ही दोन झाडे नव्हेत. एकच झाड दोन ठिकाणी उभे आहे. आंबा, चिंच, कडुनिंब यांना पाखरे आहेत, वारा आहे, पाऊस आहे. मोगऱ्याला फक्त माणसाचा हात आहे. देणारा आणि घेणारा हात थांबला, की त्या घराण्यातला मोगरा तेथेच संपला.

फांदी देण्या-न देण्याची एक जुनी गोष्ट आहे, आणि ती आपल्या गोव्यातून सुरू होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या टस्कनीचा राजा, ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो, याला गोव्याहून भरल्या पाकळ्यांचा मोगरा मिळाला. फ्लॉरेन्सजवळ कास्तेल्लो येथल्या बागेत त्याने तो लावला. थंडीपासून जपण्यासाठी तेथे त्याच्याकरता काचघर आहे, आणि इटालियन भाषेत या फुलाचे नाव झाले ‘मुगेरीनो’. आपला मोगराच तो, सातासमुद्रांपलीकडे जाऊन थोडा वेगळा बोलू लागलेला. त्याविषयी एक आख्यायिका सांगतात. एकही फांदी बागेबाहेर जाता कामा नये, अशी राजाची सक्त ताकीद होती. पण एका तरुण माळ्याने आपल्या नियोजित वधूला तिच्या वाढदिवशी एक फुललेली डहाळी दिली. तिने ती मातीत खोवली. डहाळी जगली. तिच्यापासून आणखी रोपे झाली, ती विकून पैसे जमले, आणि गरिबीमुळे अडलेले लग्न पार पडले. तेव्हापासून टस्कनीच्या नवऱ्या मुली लग्नात हे फूल माळू लागल्या, म्हणे. गोष्ट खरी की खोटी कोण जाणे. पण त्या जातीला इंग्रजीत आजही ग्रँड ड्यूकचेच नाव आहे. कंजुषी करणाऱ्याचे नाव राहिले आणि फांदी देणाऱ्याचे गेले, हा जगाचा न्याय झाला. मोगरा मात्र पसरला तो त्या माळ्याच्या बाजूने.

आपल्याला राजाची ताकीद नाही, तरी फांद्या तुटत चालल्या आहेत. शहरांतले वाडे आणि चाळी पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. करारनाम्यात चौरस फुटांचा हिशेब असतो, भाड्याचा असतो, गाडी उभी करण्याच्या जागेचा असतो. नळाच्या मोरीशेजारच्या मोगऱ्याचा हिशेब त्यात कोण धरणार? पहिल्या दिवशीच्या राडारोड्याखाली तो जातो. दोन वर्षांनी नव्या घरात गॅलरी मिळते, तेव्हा आपण बाजारातून नवे रोप आणतो. ते छान असते, पण ते आजीचे नसते.

यावर उपाय साधा आहे. पावसाळ्यात, जून-जुलैमध्ये, पेन्सिलीएवढ्या जाडीची, धड कोवळी नाही आणि धड जून नाही अशी फांदी निवडावी. वीतभर लांबीचे, तीन-चार पेरांचे तुकडे करावेत, खालची पाने काढून दोन पेरे ओल्या वाळूत पुरावीत आणि सावलीत ठेवावे. दीड-दोन महिन्यांत मुळे धरतात. एका फांदीवर विसंबू नये, पाच-सहा लावाव्यात. याहून खात्रीचा मार्ग दाब कलमाचा. जमिनीलगतची लवचीक फांदी वाकवून, पेराखाली साल थोडी खरवडून तेवढा भाग मातीत दाबावा, वर दगड ठेवावा आणि शेंडा बाहेर राहू द्यावा. आईपासून दूध सुटलेले नसते, त्यामुळे पिलू मरत नाही. तीन-चार महिन्यांत मुळे झाली की फांदी मागून तोडावी आणि रोप उचलावे. आणि घर पाडायचे दिवस अगदीच तोंडावर आले असतील, तर ताण देऊन छाटलेले झुडूप जानेवारीत मुळांच्या मातीच्या गोळ्यासकट उचलून मोठ्या कुंडीत बसवावे. त्या वेळी त्याला पाने नसतात, म्हणून हलवणे सोसते.

एवढे लिहून थांबतो. फराळाचे डबे रिकामे झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले, की ज्यांच्या घरी मोगरा आहे त्यांनी त्याचे पाणी कमी करायला लागावे आणि पौषासाठी कात्रीला धार लावून ठेवावी. ज्यांच्या घरी नाही त्यांनी पुढच्या पावसाळ्यात ओळखीच्या कोणाकडे तरी मागावा. विकत आणण्याची घाई नको. आणि ज्यांच्याकडे कोणी मागायला येईल त्यांनी नाही म्हणू नये. फांदी कापल्याने आपला मोगरा कमी होत नाही. उलट त्याच जागी तीन फांद्या फुटतात, हे आपण वर पाहिलेच आहे.